पाणी मानवलं

“मानवलं बाई तुला जालन्याचं पानी,” कांताकाकू म्हणाल्या आणि बाजारात कोंबडी चाचपतात तसा माझा दंड दोन बोटांनी दाबून बघितला. भर ऑफिसात, माझ्या टेबलापाशी उभं राहून. कांताकाकू आमच्या आष्टीच्या, माझ्या चुलत सासू. घरकुलाच्या कामासाठी तालुक्याला खेटे घालून थकल्या, मंग कुणीतरी सांगितलं जिल्ह्याला जा, म्हणून आल्या होत्या. मी त्यांना पाणी दिलं, चहा सांगितला, त्यांचा कागद कुठं अडकलाय ते चार टेबलं फिरून विचारून आले, आणि त्याच्या बदल्यात मला हे मिळालं. म्हणे जालन्याचं पाणी! नळाला आठवड्या-पंधरवड्यानं येतं, आलं तर आधी गढूळच येतं, बाकी सगळा कारभार जारवर. ते कुणाला मानवणार, डोंबल? पण मी हसले. लोक अंगावरून बोलले की मी हसते, ही सवय अलीकडची, अंगाबरोबरच वाढलेली. चहाची बशी ठेवून काकू उठल्या आणि जाता जाता माझ्या कानाशी वाकल्या. “गोळ्यानं सुटतं बरं का अंग. बंद कर त्या. घरच्या मानसानं सांगितलेलं बरं, उद्या भाईरच्यानं तोंड घालन्यापरीस.” एवढं बोलून पदर सावरत त्या जिना उतरल्या. पलीकडच्या टेबलावरचे दोघं फायलीत डोकं घालून बसले होते, म्हणजे त्यांनी सगळं ऐकलं होतं.

मला वाटलं, चला, आख्ख्या आष्टीला माझ्या थायरॉइडचं कळलेलं दिसतंय. मी तसं कुणापासून लपवलं नव्हतंच. गोळी सुरू झाली तेव्हा आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूला, फोनवर सांगितलं होतं की डॉक्टरीणबाईंनी रोजची गोळी दिलीय, सकाळी उठल्या उठल्या घ्यायची, बहुतेक जन्मभर. “कशाची?” त्यांनी विचारलं. मी ऑफिसातून बोलत होते, समोर माणसं उभी, गळ्यातल्या ग्रंथीची शाळा कुठं घेत बसू? म्हटलं, “बायकांना होतं ते, आत्याबाई. हार्मोनचं.” पलीकडं थोडा वेळ नुसता कोंबड्यांचा आवाज. मंग म्हणाल्या, “बरं.” त्यानंतर त्यांचे फोन कमी झाले आणि झाले तरी आखूड झाले. साक्षीला देते म्हणायच्या आणि द्यायच्या. साक्षी माझी मुलगी, अकरा वर्षांची. मी नोकरीवर रुजू झाले तेव्हा शाळेचं वर्ष अर्धं झालं होतं, मंग ती आजी-आजोबांजवळ आष्टीतच राहिली. उन्हाळा लागला की घेऊन जाईन असं ठरलं होतं. जालन्याच्या शाळेत तिचं नाव घालून ठेवलं होतं, खिडकीजवळची जागा तिच्यासाठी रिकामी केली होती, कपाटातला खालचा कप्पा पुसून त्यात कागद अंथरला होता. येत्या रविवारी भारतला जाऊन दोन वर्षं होत होती. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आष्टीत होता, तो झाला की पोरगी घेऊन मी परत येणार होते. पण गेल्या दोन-तीन फोनवर आत्याबाई एकच म्हणत होत्या, “बघू. घाई काय हाय?” ते ‘बघू’ मला सलत होतं. काकूंच्या बोलण्यानं ते आणखी सललं.

भारत याच ऑफिसात होता, याच टेबलावर. मे महिन्यात टँकरच्या फेऱ्या बघायला गावोगाव फिरायचा, रुमाल बांधायला सांगितलं की म्हणायचा, “उन्हात जन्मलो मी, मला काय ऊन लागतंय.” एका दुपारी एका विहिरीपाशी छाती धरून खाली बसला, आणि दवाखान्यात नेईपर्यंत गेला. त्याच्या जागेवर मला घेतलं. पहिल्या दिवशी त्याच्या खुर्चीत मी अंग चोरून बसले होते, दोन्ही बाजूंना कितीतरी जागा उरायची. आता उरत नाही. त्याचं घड्याळही मीच वापरते. आधी पट्ट्याच्या शेवटच्या भोकातही ते कोपरापर्यंत सरकायचं, आता बरोबर त्याच्याच भोकात बसतं, जिथं त्याच्या वापरानं चामडं पिचलंय. एके दिवशी ते लावताना माझ्या लक्षात आलं की आपलं मनगट त्याच्याएवढं झालं, आणि मी मोरीत जाऊन बसले. रडायला म्हणून गेले होते. रडू आलं नाही. मला रडू येतच नाही, हीच तर सगळी कटकट आहे. तो गेल्यावर सुरुवातीला माझे केस मुठीमुठीनं गळायला लागले, लोक म्हणाले, दुःख. सांगितलेलं काम लक्षात राहीना, दुःख. रणरणत्या उन्हाळ्यात मी गोधडी घेऊन झोपायचे, दुःख. सकाळी पापण्या सुजून डोळे बारीक व्हायचे तर साहेब शिपायाला म्हणायचे, “त्यांना आज जास्त काम देऊ नका, रात्रभर रडलेल्या दिसतात.” आणि मी रात्रभर धोंड्यासारखी झोपलेली असायचे. कुणाला सांगावं? आयती मिळालेली अब्रू कोण नाकारतं! नवरा गेलेल्या बाईनं जसं दिसायला पाहिजे तसं माझं तोंड आपोआप दिसत होतं. मंग तेच तोंड भरत गेलं, गळा भरला, दंड भरले, ब्लाउजच्या शिवणी आतून सोडता सोडता संपल्या, आणि तेच लोक म्हणायला लागले, बरी आहे आता. सावरली. खाते-पिते. शेवटी पायऱ्या चढताना धाप लागायला लागली म्हणून मी डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी रक्त तपासलं आणि म्हणाल्या, “अहो, थायरॉइड फार कमी पडलंय. केव्हापासून अंगावर काढताय?” मला एवढं हलकं वाटलं. मला काहीतरी झालं होतं! पण रस्ता ओलांडेपर्यंत दुसरंच मनात आलं. केस, विसरभोळेपणा, थंडी, जड अंग, कशात रस नाही, हे सगळं जर गळ्यातल्या त्या ग्रंथीचं असेल, तर मंग माझं काय होतं? मी भारतसाठी काय केलं? ज्याला मी इतके दिवस दुःख समजून सांभाळलं ते तपासणीच्या एका आकड्यात निघून गेलं, आणि खाली काही आहे का ते बघायची माझी हिंमत झाली नाही. गोळी सुरू झाली. वजन वाढतच राहिलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोळीनं वाढत नाही, आजारानं वाढतं, मात्रा बसायला वेळ लागतो, धीर धरा. धीर धरते आहे. दुसरं धरण्यासारखं माझ्या हातात आहे काय?

शनिवारी परतूरला बस सोडून आष्टीसाठी जीप धरली. मागच्या सीटवर आम्ही तिघी बसलो होतो, चौथी दारात उभी. ड्रायव्हरनं आरशातून बघितलं आणि म्हणाला, “मावशी, तुम्ही म्होरं या. मागं चौघी बसत्यात, तुमच्यानं तिघीच मावून राह्यल्या.” बायका पदराआड हसल्या. मीही हसले, उतरले, पुढं जाऊन बसले. मावशी! त्याच्या मिशा पिकलेल्या होत्या. भारत असता तर म्हणाला असता, घे, मावशीचा मान मिळाला, पुढची सीट मिळाली, अजून काय पाहिजे? त्याला सगळ्यातून काहीतरी फायदा दिसायचा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नांगरून टाकलेली काळी रानं तापत होती आणि मी खिडकीतून येणाऱ्या झळा तोंडावर घेत होते, मला त्या बऱ्या वाटत होत्या. काकू म्हणाल्या होत्या, घरच्या माणसानं सांगितलेलं बरं. घरच्या माणसानं काय सांगायचं असतं? थायरॉइडच्या गोळीत सांगण्यासारखं, कानाशी वाकण्यासारखं काय आहे? बीपीची गोळी घेणाऱ्या बाईच्या कानाशी कुणी वाकतं का? विचार तिथंच घुटमळत राहिला आणि माझं डोकं हल्ली जसं करतं तसं त्यानं मधेच तो सोडून दिला.

साक्षी दारातच होती. उंच झाली होती, बापासारखी हाडकुळी, बापासारखीच एका पायावर भार देऊन उभी. तिनं येऊन कमरेला मिठी मारली. आधी तिचे हात माझ्या पाठीमागं जाऊन एकमेकांत गुंतायचे, ती बोटं अडकवून लोंबकळायची. आता ती बोटं शोधत राहिली, मिळाली नाहीत, मंग तिनं हात सोडले आणि माझ्याकडं वर बघितलं. “आई, तू ती गोळी आणली का?” हे पहिलं वाक्य. मी म्हटलं, “हो, का गं?” ती म्हणाली, “फेकून दे ना.” “का?” “असंच.” आणि आत पळाली. आत आत्याबाई भाजी निवडत होत्या. त्या अजून वाळल्या होत्या, हातातल्या काचेच्या बांगड्या कोपराकडं पळत होत्या. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं, रागानं नव्हे, एखादं भांडं फुटलंय का बघावं तसं. म्हणाल्या, “बस. दमली असशील.” माझी नणंद, बेबीनंदाताई, टेंभुर्णीहून आदल्या दिवशीच आली होती. तिनं पाणी आणून दिलं आणि तांब्या घेताना माझ्या हाताला हात लागू दिला नाही.

सकाळी मी नेहमीसारखी उठले, पिशवीतून शिशी काढली, गोळी घेतली, आणि ओसरीवर येऊन बसले. सगळ्यांचा चहा चालला होता. मला दिला, मी म्हटलं, थोड्या वेळानं घेते, गोळीवर लगेच चहा चालत नाही, चहानं गोळी लागू पडत नाही. आत्याबाईंनी बेबीताईकडं बघितलं. बेबीताईनं कप खाली ठेवला. साक्षीला म्हणाली, “जाय गं, दुकानातून उदबत्ती आन.” ती गेली. मंग माझ्याजवळ सरकून बसली.

“वहिनी, एक विचारू? राग नका मानू.”

“विचारा की.”

“कोन हाय?”

“कोण काय?”

“जालन्यात. कोन हाय?”

मला खरंच कळलं नाही. मी म्हटलं, खोलीत मी एकटीच असते, खाली घरमालकीण. बेबीताई हळू आवाजात, मला समजावल्यासारखी बोलायला लागली. “मी बी खाल्ल्यात त्या, वहिनी. बारक्याच्या पाठीवर पाळना लांबवायला दोन वर्सं खाल्ल्या. कशी झाल्ते मी, आठवतं न्हाई का? दारातून आडवं जायची पाळी आल्ती. बंद केल्या तव्हा कुठं उतरले. रोज एक, टायमावर, बिलकुल चुकवायची न्हाई. बराबर हाय ना?”

तेव्हा सगळं एकदम जुळलं. काकूंचं कानाशी वाकणं, ते ‘बरं’, ते ‘बघू’, कोंबड्यांचा तो आवाज. बायकांना होतं ते, असं मीच म्हणाले होते. रोजची गोळी, सुटलेलं अंग, परगावी एकटी राहणारी कमावती विधवा. माझ्याही शेजारी अशी कुणी राहिली असती तर मीही दोन अधिक दोन केलेच असते. आणि मला हसू आलं. आवरेचना. थायरॉइडनं घोगरा झालेला माझा आवाज, त्यात ते हसू, मला स्वतःला ते ऐकवेना, पण थांबवताही येईना. पोट हलत होतं, दंड हलत होते. समोर आत्याबाई बघत होत्या, आणि त्यांच्या डोळ्यांत जे थोडंफार ‘नसंल तसं’ उरलं होतं ते माझ्या हसण्याबरोबर विझताना मी बघितलं. पोराच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी सून खदाखदा हसते आहे. संपलं. त्यानंतर मी जे जे बोलले ते सारवासारव झालं.

मी गळ्याला हात लावून दाखवलं, इथं एक ग्रंथी असते, ती मंदावली की अख्खं शरीर मंदावतं, सूज येते. आत्याबाई म्हणाल्या, “रोग गळ्यात आन सूज कमरंला? मला काय येडी समजती?” मी शिशी आणून पुढं धरली. “ताई, तुम्ही घेत होतात त्या पाकिटात असतात, ही बघा शिशी.” बेबीताई म्हणाली, “पाकिटातल्या काढून शिशीत टाकाया किती येळ लागतो?” डॉक्टरीणबाईंना फोन लावते म्हटलं तर, “तिनंच दिल्यात ना, ती कशाला न्हाई म्हनंल?” चला मंग, आत्ता इथल्या दवाखान्यात दाखवू, म्हटलं तर आत्याबाईंनी कपाळावर हात मारला, “गावात दवंडी देऊ का आता? आधीच कांताबाई...” आणि थांबल्या. माझा आवाज चढला. चढला की तो भांडकुदळ बाईचा वाटतो, मला माहीत आहे, पण चढला. ओसरीच्या कडेला मामा, माझे सासरे, तातेराव, पेपर घेऊन बसले होते. जन्मभर मास्तरकी केलेला माणूस. या घरात शिशीवरचं इंग्रजी वाचून, त्यातलं समजून सांगेल असा तो एकटाच. मी त्यांच्यापुढं शिशी धरली. “मामा, तुम्ही वाचा. तुम्हीच सांगा यांना काय आहे ते.” मामांनी हात मागं घेतला. पेपरची घडी घातली, नीट, पुन्हा एकदा नीट, आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, “बायकांचं बायकांनी बघावं, पोरी.” चपला घातल्या आणि फुलं आणायला गेले. वाईट माणूस नाही. सुनेच्या हातातली बायकांची गोळी सासऱ्यानं वाचायची, हे त्यांच्याकडून झालंच नसतं. पण त्यांच्या पाठीकडं बघताना मला वाटलं, आता या जगात मला खरं ठरवणारं कुणी उरलं नाही.

कार्यक्रम दहाच्या सुमारास सुरू झाला. मांडव लहानच होता. टेबलावर पांढरं कापड, तथागतांची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, बाजूला भारतचा, ऑफिसच्या ओळखपत्रातला मोठा करून घेतलेला. त्यात तो उगाच गंभीर आहे. मी पांढरी साडी नेसून पुढं बसले, गावच्या बायका मागं. मेणबत्त्या लावल्या, वंदना सुरू झाली, त्रिसरण झालं, पंचशील सुरू झालं. लहानपणापासून हे म्हणत आले आहे, ओठ आपोआप हलतात. पहिलं शील, दुसरं शील. तिसरं व्यभिचारापासून दूर राहण्याचं. ते आलं आणि मला माझा आवाज ऐकू यायला लागला. शेजारी आत्याबाईंचा आवाज एकाएकी थांबला होता. त्या ऐकत होत्या. मागच्या बायकाही ऐकत असाव्यात, निदान कांताकाकू नक्की. मोठ्यानं म्हणावं तर म्हणतील, बघा कशी ठसक्यात म्हणते. हळू म्हणावं तर जीभ चाचरली. मी मधल्याच आवाजात म्हणायला गेले आणि घोगरा घसा शब्दावर अडखळला. एवढंच. एवढंसं अडखळणं, पण मागं कुणीतरी खाकरलं. पुढची दोन शीलं मी कशी म्हटली आठवत नाही. नंतर दोन शब्द बोलायला सांगितलं तेव्हा बेबीताई बोलली आणि रडली, आत्याबाई फोटोच्या काचेवरून हात फिरवत, “माझ्या राजा, उन्हात कामून फिरला रे,” म्हणत कोसळल्या, त्यांना दोघींनी धरलं. सगळ्या माझ्याकडं बघत होत्या. मी भारतकडं बघत होते. मी मनात त्याला म्हणाले, अरे, काहीतरी कर, मला आत्ता तरी रडू येऊ दे, दोन थेंब दे, एवढं काय मागते आहे. डोळे कोरडे ठणठणीत. आणि आत एवढं दुखत होतं, एवढं, की मला एकदम कळलं, हे आहे. हे ग्रंथीचं नाही. हे माझंच आहे, पहिल्यापासून होतं, फक्त त्याला बाहेर यायला माझ्या अंगात दार नाही. मला ते उठून सगळ्यांना सांगावंसं वाटलं. मी खीर वाढायला उठले.

जेवणं उरकल्यावर आत्याबाईंनी मला आतल्या खोलीत बोलावलं. दार लोटलं. भांडायला नव्हे, त्यांचा आवाज थकलेला होता. “माझं अंग बघ,” त्या म्हणाल्या आणि पदर बाजूला करून गळ्याखालची हाडं दाखवली. “भाकरीकडं बघितलं की पोटात ढवळतं. दोन वर्सं झाली. आन तू... मी काय म्हनू?” त्यांनी पदर पुन्हा ओढून घेतला. “सुमे, आपल्यात दुसरं करायला कोन न्हाई म्हनतं? तू तरणी हाईस. कर. उघड कर. मी सोता लुगडं घेऊन येईन तुला. पर असं गोळ्या खाऊन चोरून न्हाई. त्या घरात माझी नात न्हाई धाडनार मी.” त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर मी उलटून बोलले असते. त्या मला माफ करत होत्या, न केलेल्या गोष्टीसाठी, आणि इतक्या मायेनं की माझी जीभ उचलेना. मंग त्यांनी हात पुढं केला. “दे त्या गोळ्या. आन पोरगी घेऊन जा.”

मी खुळी नाही. मला दिसत होतं. गोळी बंद केली की अंग आणखी सुटणार, आणि सुटलं की म्हणणार, बघा, चोरून खाते. दिली तर मी खरंच तसली बाई ठरते, नाही दिली तरी ठरतेच. पण दाराच्या फटीतून साक्षी दिसत होती. तिनं दप्तर पाठीला लावलं होतं, हातात कपड्यांची पिशवी, पायांत बूट घालून तयार, आणि श्वास रोखून आमच्याकडं बघत होती. मी पिशवीतून शिशी काढून आत्याबाईंच्या हातात दिली. त्यांनी ती मोरीत उपडी केली आणि वरून तांब्याभर पाणी ओतलं. मंग माझ्या तोंडावरून दोन्ही हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. कडाकडा मोडली. “गुणाची हाईस,” म्हणाल्या.

परतीच्या बसमध्ये साक्षी माझ्या दंडावर डोकं ठेवून झोपली. मधेच जागी होऊन म्हणाली, “आई, तू मऊ झालीस, उशी लागत न्हाई,” आणि पुन्हा झोपली. मी खिडकीतून बघत बसले. खूप दिवसांनी बरं वाटत होतं, इतकं की मला वाटलं, नसली गोळी तर नसली. दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर मेडिकलसमोरून मी दोनदा गेले आणि तिसऱ्यांदा आत शिरले. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, एक दिवस चुकवायची नाही. पोरगी आणली आहे तर तिच्यासाठी उभं राहायला अंग पाहिजे ना? नवी शिशी मी पदराखाली धरून घरी आणली आणि साबणाच्या पुड्यामागं लपवली. काय सांगू, आधी दार लावून घेतलं. या वयात, स्वतःच्या भाड्याच्या घरात, स्वतःच्या औषधासाठी.

आजीनं साक्षीला पाठवताना समजावून पाठवलं होतं, ते मला हळूहळू कळलं. आई उपाशीपोटी गोळी घेते, म्हणून तिला उठल्या उठल्या चहा द्यायचा, म्हणजे घेता येणार नाही. रोज बघायचं आणि फोन करून सांगायचं. आईनं पुन्हा गोळ्या चालू केल्या तर आजोबा येतील आणि परत घेऊन जातील. बिचारी माझ्या आधी उठते. स्टुलावर चढून साखरेचा डबा काढते, गॅस पेटवताना मान मागं घेते, दूध उतू जाऊ नये म्हणून पातेल्याजवळून हलत नाही. कशाच्या गोळ्या आहेत ते तिला कुणी सांगितलेलं नाही, निदान नसावं. तिला एवढंच कळलंय की त्या गोळीच्या आणि आईच्या मधे तिनं उभं राहायचं आहे, नाहीतर आई जाईल. मी तिला समोर बसवून थायरॉइड समजावलं, चित्र काढून समजावलं. तिनं सगळं ऐकलं, मान डोलावली, आणि म्हणाली, “मंग आपण आजीला सांगू का?” मी म्हटलं, सांगितलं, तिला पटत नाही. “मंग नको ना घेऊ, आई. मला न्हाई जायचं परत.” आणि रडायला लागली. तिला येतं रडू, छान येतं, घळाघळा. मी म्हटलं, बरं, नाही घेत.

आज सकाळी मी मोरीत शिरून कडी लावली. नळ सोडला, आवाजाला. नळाला पाणी नव्हतं, मंग बादलीतला तांब्या उगाच खळखळवला. साबणामागून शिशी काढली, झाकण मुठीत धरून फिरवलं म्हणजे वाजत नाही, गोळी जिभेवर ठेवली आणि ओंजळीतल्या पाण्याबरोबर गिळली. कडी काढली तर दारातच साक्षी, एका हातात कप, दुसऱ्या हातात माझा फोन, फोनवर आजी. “आई, आ कर,” ती म्हणाली. लाजत म्हणाली, हसत म्हणाली. मी आ केला. तिनं टाचा उंचावून आत बघितलं, जीभ वर कर म्हणाली, मी वर केली. “न्हाई घेतली गं आजी. मी बघितलं ना,” तिनं फोनवर सांगितलं, आणि तिचा चेहरा उजळला. मंग दोन्ही हातांनी कप पुढं केला. “घे, गरम आहे तवर. आत्ताच पी, माझ्यासमोर.” आलं किसून घातलं होतं. मी दारातच उभी राहून तो सगळा चहा प्याले. चांगला झाला होता, तसं मी तिला सांगितलंही.